हवाई बेटांची निवडणूक आणि कोऱ्या मतपत्रिकेचा धडा

अमेरिकेची निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर वॉशिंग्टन आणि अध्यक्षपदाचे दोन उमेदवार उभे राहतात. परंतु अमेरिकेत पन्नास राज्ये आहेत, आणि प्रत्येक राज्याची स्वतःची राज्यघटना, स्वतःचे विधिमंडळ व स्वतःची सार्वत्रिक निवडणूक असते. या पन्नासांत एक राज्य असे आहे की त्याची हकीकत आम्हां मॉरिशसवासीयांना परक्याची वाटू नये. ते म्हणजे पॅसिफिक महासागरातील हवाई बेटे.

तेथेही ज्वालामुखीच्या मातीत ऊस लावला गेला आणि तेथेही मळेवाल्यांनी समुद्रापलीकडून मजूर आणले. चिनी आले, पोर्तुगीज आले, १८८५ साली सरकारी कराराने जपानी कुटुंबे आली, पुढे कोरियन व फिलिपिनो आले. आपल्याकडे हिंदुस्थानातले मजूर त्यापूर्वी पन्नास वर्षे, १८३४ पासून, पोर्ट लुई बंदरात उतरू लागले होते. साखर एकच, घामही एकच, समुद्र तेवढा वेगळा.

ऊसमळ्यातून मतपेटीकडे

हवाईमध्ये पूर्वी स्वतःचे राज्य होते. १८९३ साली राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत करण्यात आले आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्या ताब्यात घेतली. त्यानंतर १९५९ पर्यंत तेथील गव्हर्नर लोक निवडत नसत, अमेरिकेचे अध्यक्ष नेमत. जपानहून आलेल्या पहिल्या पिढीला तर १९५२ पर्यंत नागरिकत्वच मिळू शकत नव्हते. मात्र बेटावर जन्मलेली त्यांची मुले जन्मानेच नागरिक होती. ती मुले शाळेत गेली, मोठी झाली आणि मतदार झाली.

१९४६ साली साखरमळ्यांतील सर्व वंशांच्या मजुरांनी एकाच संघटनेखाली मोठा संप केला. पूर्वीचे संप वंशावंशांनी वेगवेगळे केले म्हणून फसले होते, हा धडा त्यांनी घेतला होता. १९५४ च्या निवडणुकीत मळेवाल्यांच्या बाजूच्या रिपब्लिकन पक्षाचे बहुमत गेले व डेमोक्रॅटिक पक्षाला विधिमंडळ मिळाले. त्या वेळी निवडून आलेल्यांत युद्धात उजवा हात गमावलेले डॅनियल इनोये हे तरुण होते. पुढे ते अमेरिकेच्या सिनेटमध्ये १९६३ पासून २०१२ साली मृत्यू येईपर्यंत बसले.

आपल्याकडेही असेच घडले. १९४८ च्या निवडणुकीसाठी साधे लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळाले, तेव्हा गावोगावी रात्री दिव्याच्या उजेडात प्रौढ माणसे सही करायला शिकली. सर्व प्रौढांना मत मिळून आपली पहिली निवडणूक झाली ती १९५९ च्या मार्चमध्ये, आणि हवाई राज्याने आपला पहिला गव्हर्नर निवडला तो त्याच वर्षीच्या जुलैमध्ये. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून हे वर्ष मुलांच्या वहीत दोन्ही बेटांसाठी लिहून ठेवावे असे आम्हाला वाटते.

निवडणूक कशी होते?

सम वर्षी ऑगस्टमध्ये प्राथमिक निवडणूक होते. तीत प्रत्येक पक्षाचे उमेदवार ठरतात. मग नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी सार्वत्रिक निवडणूक. खालच्या सभागृहात ५१ सभासद असतात, सिनेटमध्ये २५. गव्हर्नर व उपगव्हर्नर यांची जोडी चार वर्षांसाठी निवडली जाते. २०२२ साली डॉक्टर असलेले जॉश ग्रीन निवडून आले. पुढची पाळी २०२६ ची.

२०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदानाच्या प्रमाणात हवाई सगळ्या राज्यांत शेवटचे होते. २०२० पासून तेथे प्रत्येक नोंदलेल्या मतदाराला मतपत्रिका टपालाने घरी येते, आणि त्या वर्षी मतदान पुष्कळ वाढले. नियम मात्र कडक आहे. मतपत्रिका निवडणुकीच्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत पोचली पाहिजे. टपालाचा शिक्का त्या दिवसाचा आहे, ही सबब चालत नाही.

आपल्या एका मताने काय होणार?

हा प्रश्न आपल्या मराठी घरांतून नेहमी ऐकू येतो. आपण थोडे, आपले मत थोडे, मग रांगेत उभे कशाला राहायचे? त्याला हवाईने दोनदा उत्तर दिले आहे.

पहिले १९६० साली. राज्य झाल्यानंतरच्या त्या पहिल्या अध्यक्षीय निवडणुकीत निक्सन १४१ मतांनी पुढे असल्याचे जाहीर झाले. फेरमोजणी झाली आणि केनेडी ११५ मतांनी जिंकल्याचे निघाले. एखाद्या गावातल्या लग्नाच्या पंगतीत याहून अधिक पाने वाढली जातात!

दुसरे उत्तर १९९६ चे आहे, आणि ते आम्हाला अधिक मोलाचे वाटते. राज्यघटनेचा फेरविचार करण्यासाठी परिषद बोलवावी काय, असा प्रश्न मतदारांना विचारला होता. ‘होय’ म्हणणारे सुमारे १ लाख ६४ हजार, ‘नाही’ म्हणणारे सुमारे १ लाख ६० हजार. तरी परिषद झाली नाही. कारण सुमारे ४५ हजार लोकांनी ती चौकट कोरी सोडली होती, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कोऱ्या मतपत्रिकाही एकूण संख्येत धरल्या. मग ‘होय’ला निम्म्याहून अधिक मते उरली नाहीत. जे गप्प बसले, त्यांनीच निकाल दिला.

कोणाची जागा, कोणाचे मत?

हवाईत कोणत्याही एका वंशाचे बहुमत नाही, आणि विधिमंडळात जातवार जागाही नाहीत. दुसऱ्याच्या दारी गेल्याशिवाय तेथे कोणी जिंकत नाही. १९७४ मध्ये जपानी वंशाचे जॉर्ज आरियोशी, १९८६ मध्ये मूळ हवाईयन वंशाचे जॉन वाइहे, १९९४ मध्ये फिलिपिनो वंशाचे बेन कायेतानो गव्हर्नर म्हणून निवडून आले.

पण यामुळे सर्वांचे समाधान झाले असे म्हणता येत नाही. १९७८ मध्ये मूळ हवाईयन लोकांच्या हितासाठी एक स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि त्याचे विश्वस्त त्यांनीच निवडावेत असे ठरले. २००० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशावरून मताधिकार ठरवता येत नाही म्हणून तो नियम रद्द केला. आता त्या विश्वस्तांना सगळे मतदार निवडतात. ज्यांची भूमी, तेच तिच्यावर अल्पसंख्य. त्यांना हा निकाल टोचला तर नवल नाही. आपल्याकडे ‘बेस्ट लूझर’ जागांचा वाद चालतो तेव्हा हे उदाहरण दोन्ही बाजूंनी पाहावे. समान मत हवे, आणि लहान समाजाचा आवाजही बुडता कामा नये. दोन्ही एकदम साधणे कोणत्याच बेटाला सोपे गेलेले नाही.

आम्हाला एवढेच सांगायचे आहे. आपल्या मॉरिशसच्या मतदारसंघांत तीन मते देणे बंधनकारक आहे. दोनच खुणा केल्या तर मतपत्रिका बाद होते. तेव्हा घरातल्या आजीला, पहिल्यांदा मत देणाऱ्या नातवाला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन हे नीट समजावून सांगा. मत कोणाला द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. चौकट मात्र कोरी ठेवू नये.