शर्यत पाहायची तर घाटात

वर्धा–सेवाग्रामसारख्या सपाट रस्त्याच्या कडेला उभे राहून व्यावसायिक सायकल शर्यत पाहिली, तर पदरात फार थोडे पडते. ताशी ४५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. घोळका दीडशे मीटर लांब असला, तरी बारा सेकंदांत सगळे दिसेनासे होतात.

पण याच सपाटीवर हवेचा खेळ रंगतो. ताशी ४० च्या पुढे सायकलपटूची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. वेग दुप्पट करायचा, तर हवेशी झुंजायला आठपट शक्ती लागते. म्हणून सगळे चाकाला चाक लावून धावतात. आइंडहोव्हन विद्यापीठातील बर्ट ब्लोकेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास केला. आतल्या, मागच्या भागातील सायकलपटूला एकट्याच्या तुलनेत हवेचा अडथळा जेमतेम ५ ते १० टक्के असतो, असे त्यांना आढळले. इतका आडोसा! एकटाच पुढे निसटलेला गडी शेवटी बहुधा का गाठला जातो, हे यातून उमगते.

घाटात मात्र झुंज वजनाशी. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ किताब मिळतो. खोपोली ते खंडाळा चढ सुमारे ५०० मीटरचा. सायकलसह ७८ किलो वजन तेवढे उचलायला ३ लाख ८० हजार जूलच्या आसपास ऊर्जा लागते. सतत ३०० वॉट शक्ती लावली, तरी त्यातच एकवीस मिनिटे जातात. वेग उतरला की आडोशाची किंमतही उतरते आणि घोळका फाटतो. मग एकेक जण समोरून जातो. चेहरा दिसतो, श्वास ऐकू येतो. शर्यत मला तिथेच खरी दिसते.

१९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात झालेल्या, ४३७ किलोमीटरच्या पुणे ग्रँड टूरने सह्याद्रीचे चढउतार आंतरराष्ट्रीय शर्यतीत आणले. आपल्या वर्धा जिल्ह्यातही नागपूर–अमरावती महामार्गावर तळेगावजवळ सत्याग्रही घाट आहे. बोरघाटाएवढा तो नाही, पण अशी शर्यत कधी इकडे आली तर मी तिथेच जागा धरीन, चढाच्या बाजूला. उतारावरच्या वळणाच्या बाहेरच्या कडेला कोणी उभे राहू नये. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते, आणि तोल गेलेली सायकल त्याच कडेला येते.