फुगडीचा फेर खळ्यात यावा

चवथीच्या दिवसांत मालवण तालुक्यातल्या एखाद्या वाडीत दिवेलागणीनंतर पाऊल टाकावे, तर ओटीवर टाळमृदंगाच्या साथीने पुरुषांचे भजन रंगलेले असते, आणि बाहेर पाऊस कोसळत असल्यामुळे आत माजघरात मुली, सासुरवाशिणी व आज्या यांचा फुगडीचा फेर चाललेला असतो. नृत्य शिकायचे म्हणजे शुल्क, गणवेश आणि आरसे लावलेले दालन हवेच, हा समज किती अपुरा आहे, याचा दाखला ते माजघर देते.

दोघींच्या फुगडीत चवडे चवड्यांना भिडवून, हातांची अढी घालून, अंगाचा भार मागे झोकावयाचा असतो. एकीने हात सोडला तर दोघींचाही तोल जातो, म्हणून थोरल्या जावेबरोबर फिरताना तरुण मुलगी आपला वेग आपणहून आवरते. बसफुगडीत उकिडवे बसून पाय आळीपाळीने पुढे टाकताना मांड्यांची कसोटी लागते. फेराच्या फुगडीत कमरेत वाकून टाळी आणि पाऊल यांचा मेळ राखला की पुरते. आणि जिला तेही झेपत नाही, ती गाणे सांगते व बाकीच्या ते उचलून धरतात. प्रत्येकीच्या शक्तीला साजेसे स्थान ज्यात आहे, असा हा व्यायाम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम करावेत, आणि पासष्टी गाठलेल्यांनी किमान तीन दिवस तोल व बळ राखणाऱ्या हालचाली कराव्यात. न्यूयॉर्कमधील पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ वृद्धांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात शारीरिक श्रमांपैकी एकट्या नृत्याचाच संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी प्रमाणाशी आढळला. तेवढ्यावरून नृत्य हे औषध ठरत नाही; परंतु पावलांबरोबर गाणे, ताल आणि सोबतीण या तिन्हींचे अवधान ठेवावे लागते, हे विसरता येत नाही. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालविले, ते याच जाणिवेने.

आपल्याकडे उणीव आहे ती दोन गोष्टींची. स्त्रियांचा फेर चवथीपुरता आणि पुरुषांचे नाच शिमग्यापुरते, हा शिरस्ता शरीराच्या बारमाही गरजेला पुरत नाही. आणि कुणी विधवा म्हणून, कुणी अपंग म्हणून कडेला बसविली जाते, ते तर मुळीच शोभत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि शासनाने परिपत्रक काढून तो कित्ता सर्वांपुढे ठेवला. फेरातही तोच न्याय लागू व्हावा.

त्यासाठी मोठ्या तजविजीची गरज नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळ, गाणी पाठ असलेली एखादी जाणती बाई, उभे राहता न येणाऱ्यांसाठी चार खुर्च्या, दृष्टिहीनांच्या दोन्ही बाजूंना धरावयास हात, पुरुषांना व मुलग्यांनाही मुभा, एवढे पुरे; गुडघे, हृदय वा चक्कर यांची तक्रार असणाऱ्यांनी गिरकी टाळून आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा, एवढी सावधगिरी पुरेशी आहे.

पाऊस सरला की घरोघरची खळी, म्हणजे घरापुढची अंगणे, चोपून, शेणाने सारवून सिद्ध होतात. यंदा गणपती पोचवून आल्यावर फेर मोडू नका; तो माजघरातून खळ्यात आणा, आणि कडेला बसलेल्या प्रत्येकाला हाताला धरून त्यात घ्या.