जर्मन गिऱ्हाइकाने माफी मागितली, तर काय म्हणावे?

पुण्यात जर्मन माणसांचा वावर वाढला आहे. चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगनचे कारखाने आहेत. घरगुती कापडाचे हाइमटेक्स्टील हे मोठे प्रदर्शन दर जानेवारीत फ्रँकफुर्टला भरते, तेथे आपल्याकडचेही व्यापारी जातात. सौदा बहुधा इंग्रजीतच होतो. पण धक्का लागला किंवा चहा सांडला, की जर्मन माणसाच्या तोंडून ‘एन्टशुल्डिगुंग’ हाच शब्द निघतो. म्हणजे ‘माफ करा’. आपण गप्प राहिलो तर त्याला वाटते, राग धरला.

उत्तरे सोपी आहेत. ‘माख़्ट निश्ट्स’ म्हणजे ‘काही हरकत नाही’. यातला ‘ख़’ आपल्या ‘ख़बर’मधला, उर्दू बोलणाऱ्याला तो शिकवावा लागत नाही. ‘काइन प्रोब्लेम’चा अर्थ सांगायलाच नको. धक्का लागला तर ‘निश्ट्स पासियर्ट’, म्हणजे ‘काही झाले नाही’. ‘शोन गूट’ म्हणजे ‘असू द्या’. मात्र ते हसून म्हणावे, तुटक म्हटले तर ‘पुरे झाले’ असे वाटते. म्युनिककडचा माणूस ‘पास्ट शोन’ म्हणतो, आणि तरुण मंडळी हल्ली ‘आलेस गूट’ म्हणतात. ‘गेर्न गेशेएन’ मात्र येथे चालत नाही. ते आभाराचे उत्तर आहे, त्याचा अर्थ ‘आनंदाने केले’!

आता धंद्याची गोष्ट. एका परदेशी गिऱ्हाइकाने आम्हाला फोनवर सांगितले, पैसे पाठवायला उशीर होतोय, माफ करा. आम्ही नवे शिकलेले ‘माख़्ट निश्ट्स’ ऐटीत ठोकून दिले. आपल्याकडे ‘कोई बात नहीं’ म्हटले तरी समोरचा समजतो, की पैसे लवकर पाठवायचे आहेत. त्याने मात्र शब्दाचा सरळ अर्थ घेतला: यांना उशिराने फरक पडत नाही. पैसे आणखी महिनाभर लांबले, आणि इकडे विणकरांची मजुरी आम्हाला उसनवारीने भागवावी लागली. चूक त्याची नव्हती, आमच्या उत्तराची होती.

तेव्हापासून आम्ही एक फरक पाळतो. ‘एन्टशुल्डिगुंग’ या शब्दाच्या पोटात ‘शुल्ड’ आहे, म्हणजे दोष. त्याच शब्दाचे अनेकवचन ‘शुल्डेन’, म्हणजे कर्ज. सांडलेल्या चहाचा दोष ‘माख़्ट निश्ट्स’ म्हणून लगेच माफ करावा. पण पैसे, माल आणि तारीख यांबद्दल माफी आली, तर म्हणावे ‘डांके फ्यूर दी नाख़रिश्ट’, म्हणजे ‘कळवल्याबद्दल आभार’. आणि लगेच अदबीने विचारावे, ‘बिस वान, बिटे?’ म्हणजे ‘कधीपर्यंत, कृपया?’ याचा जर्मन माणसाला राग येत नाही. मिळालेली तारीख वहीत लिहून घ्यावी आणि त्याच दिवशी लेखी कळवावी.

ज्यांना नीट शिकायचे आहे, त्यांच्यासाठी बोट क्लब रोडवर मॅक्समुल्लर भवनात वर्ग चालतात. तोवर ही चार-सहा उत्तरे गल्ल्याजवळ लिहून ठेवावीत.