शिवारातला ससा आणि पिंजऱ्यातला ससा

भोकरच्या शिवारात पऱ्हाटीतून किंवा तुरीतून चालताना अगदी पायाजवळून एखादा तपकिरी ससा उठतो आणि वाकडीतिकडी वळणे घेत दिसेनासा होतो. हा ससा आणि पिंजऱ्यातला पांढरा ससा यांना मराठीत नाव एकच. म्हणून एक रानटी व दुसरा पाळीव, एवढाच त्यांच्यात फरक असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्यांच्या प्रजातीच वेगळ्या आहेत.

शिवारातला ससा म्हणजे लेपस नायग्रिकॉलिस. मानेच्या मागच्या काळ्या डागावरून त्याला हे नाव मिळाले. पाळीव ससा ऑरिक्टोलॅगस प्रजातीतला, मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. पहिल्याच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, दुसऱ्याच्या पेशीत ४४. त्यांचा संकर होत नाही. इंग्रजीत पहिल्याला हेअर आणि दुसऱ्याला रॅबिट म्हणतात. पण तिथेही घोळ आहेच! अमेरिकेतला जॅकरॅबिट नावाने रॅबिट असला, तरी आपल्या सशाप्रमाणे लेपसच आहे.

जॅकरॅबिटचे कान फार लांब असतात. पातळ कानाचे पृष्ठफळ मोठे, आत रक्तवाहिन्यांचे जाळे. म्हणजे मोटारीच्या रेडिएटरसारखीच ही रचना. पण हवा शरीरापेक्षा तापली तर? सशाचे शरीर ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. अशा वेळी हवेकडून कान उलट उष्णता घेतील. मात्र निरभ्र आकाश प्रारणाच्या दृष्टीने हवेपेक्षा पुष्कळ थंड असते. झुडपाच्या सावलीत बसलेला जॅकरॅबिट कानांतून आकाशाकडे उष्णता प्रारित करत असावा, अशी कल्पना श्मिट-नील्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली मांडली. आपल्या सशाचे कान तेवढे लांब नाहीत. तोही दुपार सावलीत दबून काढतो.

सर्वांत मोठा फरक जन्माच्या वेळी दिसतो. पाळीव सशाची मादी सुमारे ३० दिवसांनी बिळात किंवा मऊ घरट्यात विते. पिल्ले उघडी, आंधळी, असहाय असतात. लेपस बीळ खणत नाही. गवतात अंग मावेल एवढा खळगा, तेच त्याचे घर. गर्भकाळ अधिक असल्याने पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मते व लवकरच पळू लागते.

कापणीच्या वेळी असे एकटे पिल्लू सापडले की मुले ते घरी आणतात. ‘आई सोडून गेली’ अशी त्यांची समजूत असते. गायीच्या दुधावर ते सहसा जगत नाही. मुळात ते पोरके नसतेच. लेपसच्या ज्या जातींचा नीट अभ्यास झाला आहे, त्यांत मादी दिवसभर दूर राहते, म्हणजे तिच्या वासावर कोल्हा पिल्लापर्यंत पोचत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे हा ससा पकडणे किंवा पाळणे गुन्हा आहे. पिल्लू विळ्याच्या वाटेतच असेल, तर गवताच्या मुठीत धरून जवळच्या धुऱ्यावरील गवतात ठेवावे आणि तेथून निघून जावे. दिवस मावळल्यावर मादी येते, काही मिनिटे पाजते आणि पुन्हा निघून जाते.