ओला कागद, कोरडा ट्रे आणि कायद्यातला कारागीर

कल्पनेचा सातबारा : भाग ७

जुलै महिन्यात ट्रॉम्बेच्या चित्ता कॅम्पात किंवा पायलीपाड्यात झेरॉक्सच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभं राहा. खाडी जवळ, हवा दमट, आणि मशीन एका कागदाऐवजी दोन ओढतंय. दुकानदार ट्रे खेचतो, गठ्ठा हातात घेतो, कडा अंगठ्याने फर्रकन सोडतो, चारही बाजू टेबलावर ठोकून सारख्या करतो आणि गठ्ठा परत भरतो. उघडी रिम तो प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवतो. आधार कार्डाची प्रत काढायला आलेला माणूस तोवर घड्याळ बघत असतो.

समजा, अशाच एका दुकानदाराने ट्रेच्या तळाशी छोटा दिवा बसवला. दिव्याच्या उबेने कागद कोरडे राहू लागले, जॅम कमी झाले, आणि शेजारी म्हणाला, ‘अरे, याचं पेटंट घे!’ मागच्या भागात आपण नावीन्याची अट पाहिली. हुबेहूब हीच वस्तू आधी कुठे छापली, वापरली किंवा विकली गेली नसेल, तर ती अट पार पडते. आजची अट तिच्याहून चिवट आहे. वस्तू नवी असेलही, पण या कामातल्या जाणकाराला ती सहज सुचली असती का? सुचली असती, तर पेटंट नाही.

ट्रेच्या आत काय चालतं ते आधी बघू, कारण पुढचा सगळा वाद तिथेच होणार आहे. गठ्ठ्याखालची पट्टी स्प्रिंगच्या जोरावर कागद वर उचलते. वरून रबरी रोलर टेकतो आणि सगळ्यात वरचा कागद पुढे ढकलतो. त्याच्यासोबत दुसरा कागद सरकू नये म्हणून तोंडाशी एक घर्षणपट्टी असते. हे सगळं एका साध्या उतरंडीवर चालतं. रोलर आणि कागद यांच्यातलं घर्षण सर्वांत जास्त हवं, घर्षणपट्टी आणि कागद यांच्यातलं त्याहून कमी, आणि कागद-कागदातलं सर्वांत कमी. पावसाळ्यात कागद ओल धरतो, एकमेकांना चिकटतो आणि तळची पायरी वर चढते. रोलरवर कागदाची धूळ बसून तो गुळगुळीत झाला, तर वरची पायरी खाली येते. पहिल्या दोषाने दोन कागद एकदम जातात, दुसऱ्याने एकही जात नाही. दुरुस्तीवाल्याला यातलं सूत्र कुणी शिकवलेलं नसतं, पण ओल्या फडक्याने रोलर पुसताना तो नेमकं हेच करत असतो.

आता कायदा. १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम २(१)(जेए) ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ची व्याख्या देतं. सध्याचं तिचं रूप २००५ च्या दुरुस्तीनंतरचं आहे. आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. शिवाय ती गोष्ट त्या क्षेत्रातल्या जाणकाराला उघड असता कामा नये. दिव्यामुळे दुकानाचा गल्ला वाढला, हे पहिल्या भागात उपयोगी पडेल. दुसरा भाग त्याने सुटत नाही.

अर्ज मुंबईतून दाखल होतो. पेटंट ऑफिसची इमारत अँटॉप हिलला आहे, ट्रॉम्बेहून फार लांब नाही. पण हल्ली सगळं ऑनलाइन असल्याने तपासणी दुसऱ्या शहरातल्या परीक्षकाकडेही जाऊ शकते. अर्ज केला म्हणून तपासणी आपोआप होत नाही. फॉर्म १८ भरून ती मागावी लागते आणि एकट्या माणसाला त्यासाठी ४,००० रुपये वेगळे मोजावे लागतात. मग परीक्षक शोध घेतो. कागद हाताळणाऱ्या यंत्रणांसाठी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बी६५एच नावाचा कप्पा आहे. गठ्ठा ठेवायचे ट्रे, वरचा कागद सुटा करणारे रोलर, घर्षणपट्ट्या, सगळ्यांना त्यात वेगवेगळे खण आहेत. तो कप्पा गच्च भरलेला आहे. जपानी कंपन्यांनी कित्येक दशकं तिथे अर्जांचा पाऊस पाडला आहे.

आमच्या दुकानदाराचा दिवा इथेच विझतो. कागदाच्या कॅसेटमधली ओल घालवणारे हीटर कॉपिअर बनवणाऱ्या कंपन्या फार पूर्वीपासून देत आल्या आहेत, आणि दमट प्रदेशांसाठी ते वेगळे बसवूनही मिळतात. त्यांनी हीटर वापरला, याने बल्ब वापरला. ऊब देण्यासाठी हीटरऐवजी बल्ब घ्यायला कल्पकता लागत नाही, हे परीक्षकाने दोन ओळींत लिहिलं तरी पुरे.

समजा, तो हट्टाला पेटला. ट्रेला दिवा तर लावलाच, शिवाय कागद मोजणारा काउंटर लावला आणि बाजूला स्टेपलर ठेवायचा खणही केला. अशा जुगाडासाठी कायद्यात कलम ३(एफ) आहे. माहीत असलेली साधनं नुसती शेजारीशेजारी मांडली आणि प्रत्येक साधन आपापलं जुनं काम स्वतंत्रपणे करत राहिलं, तर तो कायद्याच्या दृष्टीने शोधच नव्हे. काउंटरला दिव्याशी काही देणंघेणं नाही. मात्र काउंटरने दोन कागद एकदम गेल्याचं ओळखलं, त्यावरून दिव्याची ऊब कमीजास्त केली आणि जॅम त्या मेळामुळेच घटले, तर मामला बदलतो. आता भाग एकमेकांशी बोलू लागले. पेटंट मिळेलच असं नाही, पण निदान वाद घालायला जागा झाली.

आता तो जाणकार कोण, हे पाहू. ट्रॉम्बे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शास्त्रज्ञ येतात. १९५४ मध्ये इथे अणुऊर्जा संस्था उभी राहिली, १९५६ मध्ये ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, आणि होमी भाभांच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. पण ट्रेचा अर्ज तपासताना परीक्षक भाभा केंद्रातल्या पदार्थवैज्ञानिकाच्या डोक्याने विचार करत नाही, आणि रस्त्यावरच्या कुणाच्याही डोक्याने तर नाहीच. कायद्यातला जाणकार हा कागदाच्या यंत्रणा बनवणारा सरासरी कारागीर-इंजिनिअर असतो. त्याने त्या दिवसापर्यंतचं सगळं छापील साहित्य वाचलेलं असतं, हात चांगला असतो, पण प्रतिभेचा झटका त्याला येत नाही. असा माणूस अस्तित्वात नसतो, तरी पेटंटच्या जगात सर्वांत जास्त साक्ष त्याचीच काढली जाते. (जाता जाता : ट्रॉम्बेच्या कुंपणाआड अणुऊर्जेविषयी जे शोध लागले, त्यांच्या बाबतीत हा प्रश्नच कित्येक दशकं उद्भवला नाही. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या कलम २० ने आणि पेटंट कायद्याच्या कलम ४ ने त्यांना पेटंटचा दरवाजाच बंद ठेवला होता. अणुभट्टीच्या शोधाला जी परीक्षा द्यावी लागली नाही, ती झेरॉक्सच्या ट्रेला द्यावी लागते.)

हा कारागीर आपल्या न्यायालयांत ठळकपणे उभा राहिला तो मिर्झापूरच्या भांड्यांमुळे. हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या फर्मने लेथवर भांडं घट्ट धरून ठेवण्याच्या साधनासाठी १९५१ चं पेटंट मिळवलं होतं. जुन्या पद्धतीत फिरतं भांडं सुटून उडायचं आणि कारागिराला लागायचं. यांनी समोरच्या बाजूने टोकदार दांड्याचा दाब देऊन ते जागेवर धरलं. काम जलद झालं, धोका कमी झाला. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या प्रतिस्पर्धी फर्मशी वाद पेटला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७८ मध्ये न्यायमूर्ती सरकारिया यांनी लिहिलेल्या निकालाने पेटंट रद्द ठरवलं. न्यायालयाचं म्हणणं असं : टोकाने दाब देऊन वस्तू धरणं हे लेथच्या जगात जुनंच होतं, ते भांड्याला लावणं ही वर्कशॉपमधली सुधारणा झाली. उपयुक्त आहे म्हणून ती शोध ठरत नाही. न्यायालयाने कसोटीही घालून दिली. आधीचा दस्तऐवज एका सक्षम कारागिराच्या हाती द्या, त्याला तीच अडचण सांगा, नवा शोध मात्र दाखवू नका. मला हवं ते यातच आहे, असं तो म्हणेल का? निकाल लागला तेव्हा पेटंटची मुदत केव्हाच उलटून गेली होती, पण कसोटी आजही तपासणीत वापरली जाते.

त्या कसोटीतली कळीची अट आहे ती ‘नवा शोध न दाखवता’ ही. इथेच बहुतेक घोळ होतो. परीक्षकाच्या टेबलावर अर्ज उघडा असतो. उत्तर वाचून झाल्यावर तो जुने दस्तऐवज शोधायला निघतो, आणि उत्तर माहीत असलेल्याला कोडं नेहमीच सोपं वाटतं. एका कागदात रोलर, दुसऱ्यात स्प्रिंग, तिसऱ्यात हीटर सापडला की, ‘तिन्ही जोडले की झालं’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण जाणकाराला ते जोडता आलं असतं एवढं दाखवून भागत नाही. त्याने ते जोडायला हात घातला असता, असं कारण जुन्या साहित्यात किंवा त्या धंद्याच्या रोजच्या अनुभवात दिसलं पाहिजे.

कागद सरकवण्याच्या यंत्रणेतलंच एक परदेशी उदाहरण इथे चपखल बसतं. पेनाने नकाशे काढणारी प्लॉटर नावाची यंत्रं एकेकाळी आर्किटेक्टच्या ऑफिसात असायची. पेन आडवं सरकायचं आणि कागद उभा, मागेपुढे. कागद केसभर घसरला तर वर्तुळाची दोन टोकं जुळत नसत. ह्यूलेट-पॅकार्डच्या पेटंटमध्ये कागद धरणाऱ्या चाकावर खरखरीत कणांचा थर होता. पहिल्या फेरीत ते कण कागदावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पाडतात. कागद परत आला की तेच कण त्याच खड्ड्यांत जाऊन बसतात, आणि कितीही फेऱ्या झाल्या तरी कागद जागा सोडत नाही. खटल्यात समोर उभ्या असलेल्या बॉश अँड लोम कंपनीने जुन्या पेटंटकडे बोट दाखवलं : चाकांनी कागद धरून सरकवणं त्यात होतंच की! अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने १९९० मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचं पेटंट वैध ठरवलं. चाक खरखरीत करावं हे कुणालाही सुचेल. पण कण स्वतःच कागदावर खुणा करतील आणि पुढे त्याच खुणा त्यांना वाट दाखवतील, हा फायदा नुसत्या पकडीच्या विचारातून हाती लागत नाही.

आपल्याकडे जुन्या आणि नव्यातल्या अंतराची चर्चा गाजली ती पुण्याच्या बजाज ऑटोच्या खटल्यात. छोट्या इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याचं त्यांचं पेटंट होतं. त्यात सिलिंडरच्या पोकळीचा व्यास ४५ ते ७० मिलिमीटर असा बांधलेला होता. प्रतिस्पर्धी टीव्हीएसने होंडाचं जुनं अमेरिकन पेटंट पुढे केलं : दोन प्लग आधीपासून आहेत, तुम्ही फक्त इंजिन लहान केलंत. मद्रास उच्च न्यायालयात २००८ मध्ये बजाजला मनाई हुकूम मिळाला, २००९ मध्ये खंडपीठाने तो उठवला. सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला गाडी विकू दिली, हिशेब मात्र ठेवायला लावला आणि खटला लवकर संपवा असं बजावलं. तरीही तडजोड व्हायला २०१९ उजाडलं. आकार बदलल्याने यंत्राचं वागणं बदलतं की नाही, यावर दोन कसलेले पक्ष बारा वर्षं भांडू शकतात. तेव्हा ‘नुसता आकार बदलला’ हे वाक्य परीक्षकाने जपून लिहावं.

साध्या वस्तूंना आपल्याकडे अंमळ जास्तच झोडपलं जातं, असं माझं मत आहे. गुंतागुंतीच्या रसायनापुढे परीक्षक बिचकतो, ट्रेपुढे बिचकत नाही; ट्रे त्याच्याही ऑफिसात असतो. म्हणून २०२२ मधला दिल्ली उच्च न्यायालयाचा एव्हरी डेनिसन निकाल मला महत्त्वाचा वाटतो. कपड्यांना किमतीचं लेबल अडकवायच्या प्लास्टिकच्या फासांत एक खाच, एवढाच विषय. पेटंट ऑफिसने उघड आहे म्हणून अर्ज फेटाळला होता. न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी तो निर्णय फिरवला. बदल साधा आहे म्हणून तो आपोआप उघड ठरत नाही, असं त्यांनी म्हटलं, आणि एक व्यवहारी कसोटीही दिली. जुना दस्तऐवज आणि नवा शोध यांच्यात किती वर्षं गेली? गरज सगळ्यांना होती, दस्तऐवज सगळ्यांसमोर होता, आणि तरी वर्षानुवर्षं हा साधा बदल कुणी केला नसेल, तर तो तितका उघड नसावा. त्याच वर्षी अ‍ॅग्रीबोर्ड प्रकरणात त्याच न्यायालयाने नकार कसा लिहावा हेही सांगितलं होतं : जुन्यात काय आहे, नव्यात काय आहे, आणि जुन्यावरून नव्यापर्यंत जाणकार कसा पोचेल. तिसरा भाग गाळून ‘उघड आहे’ एवढंच लिहिणं चालणार नाही.

चित्ता कॅम्पातल्या आमच्या काल्पनिक दुकानदाराकडे परत येऊ. परीक्षकाचा पहिला अहवाल हाती पडला की उत्तराला सहा महिने मिळतात, अर्ज करून आणखी तीन. त्या काळात ‘माझी कल्पना किती छान आहे’ असं पानभर लिहिणं फुकट. परीक्षकाने कोणते दस्तऐवज जोडले ते बघावं आणि त्यांतला कोणता जाणकाराला उलट दिशेने नेतो ते शोधावं. कागद फार कोरडा झाला तर त्यात स्थिर वीज साठते आणि तो पुन्हा चिकटतो. जुना दस्तऐवज सतत ऊब द्या म्हणत असेल आणि याचा ट्रे मोजून-मापून, दुहेरी कागद गेल्यावरच ऊब देत असेल, तर बोलायला मुद्दा आहे. ओल्या हवेत आणि कोरड्या हवेत शेकडो कागद सोडून दोन्ही ट्रेंचे जॅम मोजले, तर तो तक्ता वकिलाच्या दहा परिच्छेदांना भारी पडतो. तरीही नकार आला, तर २०२१ मध्ये अपील मंडळ बंद झाल्यापासून वाट थेट मुंबई उच्च न्यायालयाकडे जाते, आणि तिथला खर्च झेरॉक्सच्या दुकानाला झेपणारा नाही.

त्यामुळे खरी मेहनत अर्ज लिहितानाच करायची असते. ‘दिवा असलेला ट्रे’ असं ऐसपैस लिहिलं की पहिल्याच हीटरवर डोकं आपटतं. काउंटर, ऊब आणि त्यांच्यातला मेळ नेमका बांधून लिहिला, तर हद्द लहान होते पण टिकण्याची शक्यता वाढते. हद्द कुठे आखायची, किती आखूड आणि किती ऐसपैस, म्हणजेच क्लेम कसे लिहायचे, ते पुढच्या भागात याच ट्रेवर करून पाहू.