वचन देणारा ‘मी’ कोण?

आमच्या वडील बंधूंनीं एका गरीब नातलगाच्या मुलास शिक्षण पुरें होईपर्यंत साहाय्य देण्याचें वचन दिलें होतें. आज वार्धक्यामुळें त्यांस तें वचन आठवत नाहीं. तो मुलगाही आठवत नाहीं. तर मग वचन देणारे दादा व आजचे दादा एकच काय? आमच्या घरीं उपस्थित झालेल्या ह्या प्रश्नाचा युरोपांतील तत्त्वज्ञांनीं मोठा खल केलेला आहे.

फ्रेंच पंडित देकार्त ह्यानें १६४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या चिंतनांत सर्वच गोष्टींविषयीं संशय घेऊन पाहिला. परंतु संशय घेणारा ‘मी’ मात्र निःसंशय उरला. त्याच्या मतें हा ‘मी’ म्हणजे देहाहून भिन्न असें, विचार करणारें द्रव्य होय. इंग्रज तत्त्ववेत्ता लॉक ह्यास द्रव्याचें ऐक्य पुरेसें वाटलें नाहीं. १६९४ सालीं त्यानें प्रतिपादिलें कीं, मागील कृत्यांपर्यंत आपली जाणीव जेथवर पोंचते, तेथवरच आपण ‘तेच’ असतों व त्या कृत्यांस जबाबदार ठरतों. ह्या न्यायानें दादा वचनमुक्त झाले!

ह्यूमनें १७३९ सालीं ह्याच्याही पुढें मजल मारली. अंतरंगांत शिरून पाहतां सुख, दुःख, ऊब, गारवा हींच हातीं लागतात. त्यांहून निराळा ‘मी’ आढळत नाहीं, असें तो म्हणाला. वाचकांस येथें बौद्धांचे पंच स्कंध आठवतील. परंतु दुसऱ्याच वर्षीं, ही मोळी एकत्र कशानें बांधली जाते हें आपणांस उलगडत नाहीं, अशी कबुली त्यानें दिली. असा प्रांजळपणा विरळा.

लॉकच्या मताचें वर्म रीडनें १७८५ सालीं दाखविलें. बाग लुटल्याबद्दल शाळेंत फटके खाल्लेला मुलगा पुढें तरुण अधिकारी होऊन शत्रूचें निशाण हिरावतो व उतारवयांत सेनापति होतो. अधिकाऱ्यास फटके स्मरतात. सेनापतीस निशाण स्मरतें, फटके स्मरत नाहींत. म्हणजे सेनापति तो मुलगा आहेही आणि नाहींही! केवळ स्मृतीवर माणूस तोलला कीं, असा घोटाळा होतो.

पुढें जर्मनींत हेगेलनें १८०७ सालीं निराळी दिशा दाखविली. दुसऱ्यानें ओळखल्यावांचून ‘मी’ला स्वतःची खरी ओळख लाभत नाहीं, असें त्याचें म्हणणें. त्याचा रोख स्वामी व सेवक यांच्या झगड्याकडे होता; तरी आमच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेथेंच दिसतें. दादा स्वतःस विसरले, आम्ही त्यांस विसरलों नाहीं. म्हणून त्या मुलास आम्ही दरमहा दादांच्याच नांवें पैसे पाठवितों. त्याचें पत्र आलें कीं, दादांस वाचून दाखवितों. ते लक्षपूर्वक ऐकतात, आणि आम्हांस न ओळखतां म्हणतात, “चांगलें केलेंत हो आपण!”