एकाच जीवाच्या दोन नोंदी

रोहूच्या कल्ल्यावर कधी कधी ज्वारीच्या कणीएवढे पांढरे दाणे दिसतात. त्यातला एखादा सुईने फोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की बीजाणूंची गर्दीच दिसते. प्रत्येक बीजाणू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. त्याच्या कठीण कवचात, एका टोकाला बहुधा दोन कुप्या असतात आणि कुपीत वेटोळे घातलेला धागा. वेळ आली की तो झटक्यात बाहेर फेकला जातो. हे मिक्सोझोआ. त्यांच्या दोन हजारांहून जास्त जाती माहीत आहेत.

योहानेस म्यूलरने १८४१ मध्ये माशांमधल्या अशा बीजाणूंचे वर्णन केले. पुढे त्यांची रवानगी एकपेशीय जीवांत झाली आणि शंभरावर वर्षे ते तिथेच राहिले. प्रागच्या अँटोनिन श्टोल्त्सने १८९९ मध्येच शंका काढली होती. गाळातल्या कृमींत सापडणारे असेच परजीवी अनेकपेशीय असून हायड्रा-जेलीफिशच्या कुळाशी त्यांचे साम्य आहे, असे त्याचे म्हणणे. ते कुणी फारसे मनावर घेतले नाही.

खरी कोंडी फोडली ती ट्राउटच्या गरगर रोगाने. अमेरिकेतून युरोपात आणलेल्या रेनबो ट्राउटची पिल्ले जागच्या जागी गोल फिरू लागली, त्यांच्या शेपट्या काळ्या पडल्या. परजीवी कूर्चा खात होता. ब्रूनो होफरने १९०३ मध्ये त्याची नोंद केली. आज त्याचे नाव मिक्सोबोलस सेरेब्रॅलिस. विसाव्या शतकाच्या मध्यास तो अमेरिकेतही पोचला.

गोम अशी की आजारी माशातले ताजे बीजाणू निरोगी माशाला दिले तरी रोग होईना. सिमेंटच्या हौदात मासे वाचत, मातीच्या तळ्यात मरत. बीजाणू चिखलात काही महिने ‘मुरावा’ लागतो, अशी समजूत त्यातूनच रूढ झाली. १९८४ मध्ये केन वुल्फ आणि मारिया मार्किव्ह यांनी उलगडा केला. गाळातला ट्युबिफेक्स नावाचा कृमी हा बीजाणू गिळतो. त्याच्या आतड्यात तीन हातांच्या गळासारखा वेगळाच बीजाणू तयार होतो आणि माशाला लागण होते ती त्याची. हा तीन हातांचा जीव ग्रंथांत स्वतंत्र वर्गाखाली नोंदलेला होता! एकाच प्राण्याला दोन वर्ग बहाल करून शास्त्र निवांत बसले होते. दहा वर्षांनी दुसरा वर्ग रद्द करावा लागला.

मग डीएनएची पाळी. १९९०च्या दशकात हे प्राणीच आहेत असे ठरले आणि २००७ पर्यंत जेलीफिशशी नातेही पक्के झाले. कुपीतला धागा म्हणजे जेलीफिशच्याच डंखपेशीचा अवशेष. परजीवी झाल्यावर तोंड गेले, आतडे गेले, जनुकेही घटली. सामन माशातल्या हेनेगुया या मिक्सोझोआने तर मायटोकॉन्ड्रियाचा जनुकसंचच टाकून दिला, हे २०२० मध्ये उघड झाले. त्याआधी असा प्राणी कुणाला ठाऊक नव्हता.

आपल्याकडे रोहू, कटला, मृगळ यांच्यातल्या अनेक जातींची वर्णने झाली, पण बहुतेक बीजाणूच्या आकारावरून. त्यांचा गाळातला दुसरा अवतार कोणता, हे फार थोड्यांबाबत शोधले गेले. हे काम अपुरेच म्हणावे लागेल. तळेवाल्यांनी मात्र त्यासाठी थांबू नये. या परजीवींवर खात्रीचे औषध नाही. हंगाम संपला की तळे पूर्ण आटवा, गाळ काढा, चुना मारा आणि बीज सोडण्याआधी कल्ले उघडून पाहा.